पेल्याशेजारचं ताट

आजचा माझा विषय ऐकून काहीजण रेडिओचा आवाज कमी करतील आणि काहीजण वाढवतील. मी बोलणार आहे एका बिअर बारविषयी. तिथल्या जेवणाविषयी, तिथे बसलेल्या माणसांविषयी आणि तिथे तयार होणाऱ्या पेयाचं आपल्या भोर-वेल्ह्याच्या डोंगरउताराशी जे नातं निघालं, त्याविषयी.

सुरुवातीलाच सांगतो, मी पीत नाही. आधी धर्मात मनाई म्हणून पीत नव्हतो, आणि पुढे आजूबाजूला जे पाहिलं त्यामुळे कधी प्यावंसं वाटलं नाही. पण न पिणारा माणूस बारमध्ये जाऊन बसला, तर त्याला एक फायदा असतो. त्याला दुसऱ्या दिवशी सगळं आठवतं.

मी कविता मराठीत लिहितो आणि घरात उर्दूचा वावर. त्यामुळे दारूची दोन चित्रं लहानपणापासून माझ्याजवळ आहेत. एक राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'चं. १९१९ साली हे नाटक रंगभूमीवर आलं. सुधाकर, सिंधू, तळीराम ही नावं नाटक न पाहिलेल्या माणसालाही ठाऊक असतात. तळीराम तर मराठीत सामान्यनाम होऊन बसला. दुसरं चित्र उर्दू शायरीतलं. तिथे साकी आहे, मैखाना आहे, जाम आहे. तिथली शराब कधी प्रेमाची, तर कधी ईश्वरभक्तीची. रियाझ खैराबादी नावाचे मोठे शायर १९३४ साली वारले. त्यांची सारी ख्याती मद्यावरच्या शेरांची, आणि त्यांनी जन्मात एक थेंबही घेतला नव्हता असं सांगतात. म्हणजे न पिता मद्यावर बोलणारा मी काही पहिला नव्हे.

या दोन चित्रांत जमीन-अस्मानाचा फरक. एकात दारू म्हणजे सर्वनाश, दुसऱ्यात दारू म्हणजे साक्षात्कार. पण दोन्हींत एक गोष्ट नाही, ती म्हणजे जेवण. सुधाकर पितो तेव्हा सिंधूवर लोकांचं दळण दळायची वेळ येते. आणि मैखान्यात साकीकडे कुणी भाकरी मागत नाही. दोन्हीकडे पेला आहे, पण त्याच्या शेजारी ताट नाही. आपल्याकडे प्यायचा रिवाज असाच रिकाम्या पोटी वाढला. खारे शेंगदाणे, चकली, फुटाणे. त्याला जेवण म्हणत नाहीत, चकणा म्हणतात.

आता 'परमिट रूम' हा शब्द बघा. मुंबई राज्यात १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला. तो कायदा, नाव बदललं तरी, महाराष्ट्रात आजही लागू आहे. त्या कायद्याच्या नजरेत पिणं हा अपवाद आहे. प्यायचं तर परवाना हवा. परवानावाल्यानं बसून प्यायची खोली ती परमिट रूम. आजही सौम्य बिअरला वयाची २१ वर्षं आणि कडक दारूला २५ वर्षं पूर्ण असावी लागतात. कायद्यात अपवाद म्हणून जन्मलेली ही खोली दिसायलाही तशीच झाली. काळ्या काचा, दाराला जाड पडदा, आत भर दुपारी रात्र. माणूस शिरताना एकदा मागे बघतो आणि बाहेर पडताना दोनदा. आणि बाईमाणसानं तिथे पाऊल टाकायचा प्रश्नच नाही.

आमचं भोर हे पंतसचिवांच्या संस्थानाचं गाव. १९४८ साली संस्थान विलीन झालं. राजवाडा राहिला, नीरेचं पाणी राहिलं, जवळच भाटघरचं धरण राहिलं. शेजारचा वेल्हे तालुका म्हणजे राजगड आणि तोरण्याचा मुलूख. त्या तालुक्याला राजगडाचं नाव देण्याचा निर्णय २०२४ साली मंत्रिमंडळानं घेतला, पण लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे. या दोन्ही तालुक्यांत पाऊस मुबलक, पण पावसाळ्यानंतर हाताला काम कमी. तरणी पोरं पुण्याच्या वाटेला लागतात. मागे राहिलेल्या पुरुषांपुढे रोज संध्याकाळी एक प्रश्न उभा असतो. बसायचं कुठे?

माझ्या अब्बांचं एस.टी. स्टँडजवळ चहाचं छोटं हॉटेल होतं. चार बाकडी आणि एक कोळशाची शेगडी. अब्बांचा दंडक असा, की गाडीची वाट बघणाऱ्याला उठवायचं नाही. त्यानं चहा घेतला नाही तरी चालेल. मी विचारलं, तर म्हणायचे, "बेटा, आज बसला तो उद्या पिईल. आज उठवला तो पुन्हा येणार नाही." त्यात धंदा होता आणि माणुसकीही होती. त्या बाकड्यांवर बायका लेकरांना घेऊन बसत, मौलवी बसत, बाजाराला आलेले धनगर बसत. हॉटेल बंद होऊन आता बरीच वर्षं झाली. त्यानंतर संध्याकाळी सातनंतर दिवा असलेली, बसता येईल अशी जागा कोणती, तर ती पडद्याआडची खोली.

माझ्या दहावीच्या वर्गातले तीन मित्र दारूनं गेले. तिघांचीही नावं सांगत नाही, त्यांच्या घरची माणसं हा कार्यक्रम ऐकत असतील. तिघांनाही मी पेल्यासोबत जेवताना कधी पाहिलं नाही. शेवटी शेवटी तर बसणंही राहिलं नव्हतं. दुकानातून बाटली घ्यायची, भिंतीला टेकून उभ्यानं रिचवायची. देशी आणि विदेशी कडक दारूत मद्यार्क किती असतो? विदेशी म्हणून विकतात तिच्यात ४२.८ टक्के. उपाशी पोटावर तिचं काय होतं ते डॉक्टरांना विचारायला नको, आमच्या आळीतल्या विधवांना विचारा.

म्हणून गावोगावच्या बायका बाटली आडवी करायला उभ्या राहिल्या, त्याचं मला नवल वाटलं नाही. २००८ च्या नियमानुसार गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली, तर दारूच्या दुकानासाठी मतदान घ्यावं लागतं. चिठ्ठीवर एक उभी बाटली आणि एक आडवी. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तर दुकान बंद. हजर राहून मत देणाऱ्यांच्या निम्म्या नव्हे, गावातल्या एकूण बायकांच्या निम्म्या. मजुरीचा दिवस मोडून इतक्या बायका येतात आणि ती बाटली आडवी पाडतात. हे सांगितल्याशिवाय मला पुढचं बोलता येणार नाही. कारण पुढचं मी जरा कौतुकानं बोलणार आहे.

पुण्यात गेल्या काही वर्षांत नव्या तऱ्हेचे बिअर बार निघाले. बिअर बाटलीत भरून बाहेरून येत नाही, तिथेच तयार होते. बसल्या जागेवरून काचेपलीकडे स्टीलच्या उंच टाक्या दिसतात. क्राफ्ट बिअर म्हणतात तिला. थोडक्यात आणि हातच्या कसबानं केलेली. महाराष्ट्रात याची सुरुवात पुण्यातून झाली, २००९ साली. त्या पहिल्या ठिकाणाचं नाव 'डूलाली'. या नावाची कथा ऐकण्यासारखी आहे. नाशिकजवळच्या देवळालीला इंग्रजांची लष्करी छावणी होती. मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथे महिनोन्‌महिने पडून राहत. उन्हाळा, आजारपण आणि हाताला काम नाही. काहींची डोकी फिरत. त्यावरून डोकं फिरलेल्या माणसाला इंग्रजीत 'डूलाली' म्हणू लागले. मूळ शब्दप्रयोग 'डूलाली टॅप', आणि त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. रिकामपणाचा आजार किती जुना आहे, ते त्या देवळालीच्या नावात नोंदलेलं आहे.

बिअर कशी करतात हे मी तिथे विचारून घेतलं. जव, म्हणजे बार्ली, भिजत घालायचे, मोड आणायचे, मग वाळवायचे. त्याला माल्ट म्हणतात. मोड येताना दाण्यात असे काही पाचक पदार्थ तयार होतात, की पुढे गरम पाण्यात दाण्यातल्या पिठाची साखर होते. ते गोड पाणी गाळून उकळायचं, उकळताना हॉप्स नावाच्या वेलीची फुलं टाकायची. त्यांचा कडूपणा बिअरला येतो. मग गार करून यीस्ट सोडायचं. यीस्ट साखर खातं, तिचा मद्यार्क आणि वायू करतं. काही दिवसांत बिअर तयार. जर्मनीतल्या बव्हेरियात १५१६ सालीच कायदा झाला होता, की बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही घालायचं नाही. यीस्टचा त्यात उल्लेखच नाही.

हे ऐकताना माझ्या मनात एकच गोष्ट आली. भिजवायचं, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायचं, भाजायचं, दळायचं. अहो, हे तर नाचणीचं सत्त्व! आपल्या आया-आज्या तान्ह्या लेकरासाठी हेच करत आल्या. त्यांनी ते दुधात शिजवून बाळाला भरवलं, तिकडे ते आंबवून बापानं प्यायलं. आणि नाचणीची आंबीलही आपल्याकडे रात्रभर आंबवून, ताक घालून पितातच. दाण्याचं पहिलं निम्मं आयुष्य सारखंच. वाट पुढे फुटते.

मी तिथे गेलो त्याला निमित्त होतं आमच्या मास्तरचं. हा माझा वर्गमित्र, शाळेतून नुकताच निवृत्त झाला. त्याची मुलगी पुण्यात नोकरी करते. तिनं आई-बाबांना आणि मला जेवायला बोलावलं. म्हणाली, "काका, घराजवळ एक जागा आहे. बिअर बार आहे, पण जेवण फार चांगलं मिळतं. तुम्ही याच." त्या जागेचं नाव मी सांगत नाही, जाहिरात करायचा माझा हेतू नाही. भोरहून पुणं ५० किलोमीटरच्या आसपास. कापूरहोळ, खेड शिवापूर, कात्रजचा बोगदा. सगळा रस्ता मास्तर गप्प होता.

तो गप्प का होता, ते मला ठाऊक होतं. मास्तर पितो. हायवेवरच्या एका पडद्याआडच्या खोलीत महिन्यातून दोन-तीनदा, तीस वर्षं. वहिनींपासून लपवून, मुलीपासून लपवून, शाळेपासून तर लपवूनच. खिशात बडीशेपेची डबी.

आत शिरलो तर लख्ख उजेड. पडदा नाही, रस्त्यावरून आतलं सगळं दिसत होतं. एका टेबलावर आजी-आजोबा आणि नातू बटाट्याचे काप खात होते. शेजारी चार मुली कुणाच्या तरी बढतीचा आनंद साजरा करत होत्या. मोठ्यानं बोलणं होतं, आरडाओरडा नव्हता. मुलीनं आधी जेवण मागवलं. तळलेले बोंबील, ठेच्यातली कोंबडी, तांदळाची भाकरी, दह्यातली कोशिंबीर. वहिनींना आणि मला कोकम सरबत. स्वतःला एक ग्लास बिअर सांगितली आणि बापाकडे वळून अगदी सहज म्हणाली, "बाबा, तुम्हाला कोणती?"

टेबलावर क्षणभर कुणी बोललं नाही. मास्तरनं चष्मा काढून पुसला. मग वहिनीच म्हणाल्या, "सांगा की. तीस वर्षं बडीशेप कशाला खात होता, ते मला ठाऊक नव्हतं होय?"

मास्तर हसला आणि त्याचे डोळे भरून आले. हळूच म्हणाला, "लहान सांग."

त्या लहान ग्लासाला त्याला दीड तास पुरला. बोंबील खाल्ले, दोन भाकऱ्या खाल्ल्या, वर्गातल्या गोष्टी सांगितल्या. आमच्या त्या तीन मित्रांची नावंही त्यानंच काढली. लेकीला त्या तिघांविषयी तो पहिल्यांदाच बोलत होता. मी त्याला इतकं सावकाश पिताना आणि इतकं पोटभर जेवताना कधी पाहिलं नव्हतं.

वाढणारा मुलगा विशीतला होता. मी त्याला विचारलं, "बाळा, कोंबडी हलाल आहे का?" असं विचारताना थोडा संकोच वाटतो, समोरचा काय म्हणेल याचा. तो म्हणाला, "थांबा काका, आत विचारून येतो." परत येऊन म्हणाला, "कोंबडी हाये. मटणाचं खात्रीनं नाही सांगता येणार, तुम्ही नका घेऊ." ठरीव छापाचं गोड उत्तर त्यानं दिलं नाही, खरं उत्तर दिलं. त्याच्या बोलण्याचा हेल ओळखीचा वाटला म्हणून गाव विचारलं, तर निघाला वेल्ह्याचा, तोरण्याच्या पायथ्याचा.

मग त्यानंच भिंतीवरची खडूची पाटी दाखवली. त्या महिन्यात एक बिअर नाचणी घालून केली होती. मुख्य माल्ट जवाचा, सोबत थोडी नाचणी. तो म्हणाला, "घरी आजीला सांगितलं, तर म्हनली, लेकराचं सत्त्व त्या पिपात घालतात व्हय? येड लागलंय का लोकांना!" आम्ही सगळे हसलो. मी त्या ग्लासाचा नुसता वास घेतला. कडवट वासाखाली भाजलेल्या नाचणीचा वास खरोखरच होता.

नाचणीचं असं पेय काही नवलाचं नाही. सिक्कीम-दार्जिलिंगकडे तोंगबा पितात. बांबूच्या भांड्यात आंबवलेली नाचणी असते, वरून गरम पाणी ओतायचं आणि नळीनं ओढायचं. नाचणी मुळात पूर्व आफ्रिकेतली, तिथेही तिची बिअर करतात. आपल्याकडे मात्र ती वरकस जमिनीवर राहिली. आधी राब भाजायचा, मग रोप, मग उतारावर भर पावसात वाकून लावणी. २०२३ हे साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं. शहरात नाचणीची बिस्किटं आली, आता बिअरही आली. पण मी त्या मुलाला विचारलं, "तुझ्या आजीची नाचणी इथे येते का?" तो म्हणाला, "नाही. आमची घरापुरतीच होते. उतारावरची निम्मी जमीन फार्महाऊसवाल्यांना विकली."

आता हिशेबाची बाजू. तिथल्या एका ग्लासाची किंमत आमच्याकडच्या बाईच्या लावणीच्या एका दिवसाच्या मजुरीला जाऊन भिडते. ही जागा सर्वांची नाही, हे विसरता येत नाही. बिअर सौम्य असली तरी दारूच आहे. मद्यार्क ५ टक्के असला, तरी चार ग्लासांचा हिशेब होतोच. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क सापडला, तर गाडी चालवणं गुन्हा आहे. परतताना गाडी मी चालवली. प्रत्येक टोळक्यात एक न पिणारा असावा आणि त्याला मानानं बोलवावं, असं माझं मत त्या रात्री पक्कं झालं. आणि उजेडात बसूनही ज्याला थांबता येत नाही, त्याच्यासाठी ही जागासुद्धा नव्हे. त्याला आधी दवाखाना आणि साथ हवी.

तरीही मी या जागेविषयी का बोललो? आमच्या तीन मित्रांना नेलं ते दारूनं, यात शंका नाही. पण दारूला साथ दिली ती अंधारानं, रिकाम्या पोटानं आणि लपवाछपवीनं. त्यातल्या एकाच्याही बायकोनं त्याच्या समोर बसून कधी विचारलं नाही, "किती घेतलीस?" तशी जागाच तिला नव्हती. तिला जागा मिळाली ती थेट मतदानाच्या रांगेत, तीही तो गेल्यावर. मुलीसमोर, बायकोसमोर, न पिणाऱ्या मित्रासमोर, ताटासमोर बसलेल्या माणसाचा हात आपोआप आखडतो. हे मी त्या दीड तासात पाहिलं.

भोरला असा बार निघावा, असं माझं म्हणणं नाही. दारूची दुकानं आमच्याकडे पुरेशी आहेत. पण संध्याकाळी सातनंतर दिवा असलेली, बाईमाणसाला निर्धास्त बसता येईल अशी, गरम भाकरी आणि भाटघरचा मासा मिळेल अशी एखादी जागा निघायला काय हरकत आहे? आंबेमोहोराचा भात, नाचणीची आंबील, वेल्ह्याच्या उतारावरच्या दाण्याला बरा भाव. चालवायला तो वाढणारा मुलगा परत आला, तर त्याहून उत्तम. त्याला खरं बोलता येतं, आणि खानावळ चालवायला तेवढं भांडवल मोठं आहे. फक्त काहीही न मागवता बसलेल्या माणसाला त्यानं उठवू नये.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)